वेदना थांबल्यानंतरचे दिवस
रूट कॅनल उपचार व दंतशस्त्रक्रियेनंतर मुखाची निगा : एक अभ्यासलेख

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके आणि विभागवार कार्याचा आढावा यांच्यासमवेत एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी दंतविभागाशी निगडित विषय निवडला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन पाहतो. वैद्यकीय सल्ला देण्याचा त्याला अधिकार नाही. दंतवैद्य आपल्या रुग्णांना ज्या सूचना देतात, त्या सूचना त्यांच्या कारणांसह सुबोध भाषेत एकत्र मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न असते. यास्तव आपल्या दंतवैद्यांनी काही वेगळे सांगितले असल्यास त्यांचाच शब्द प्रमाण मानावा.

हा विषय एका प्रशासकास का निवडावासा वाटला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नोंदवहीत आहे. दंतविभागाच्या नोंदवहीत पहिल्या भेटीचा रकाना भरलेला असतो. दुसऱ्या व तिसऱ्या भेटीचे रकाने मात्र अनेकदा कोरे राहतात. रुग्ण असह्य ठणक घेऊन येतो, उपचार सुरू होतात, ठणक थांबते आणि रुग्णाचे येणेही थांबते. काही महिन्यांनी तोच रुग्ण तोच दात घेऊन परत येतो, तेव्हा तो दात वाचविण्याजोगा राहिलेला नसतो. वेदना थांबणे आणि उपचार पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या लेखाचे सार होय.

सातिवली परिसर आणि दातांचे दुखणे

सातिवली हे वसईच्या पूर्वेकडील गाव. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जवळून जातो. सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांची दाट वस्ती उभी राहिली आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली, पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला, आणि या काळात परिसराची लोकसंख्या सातत्याने वाढत गेली. येथील मूळ ग्रामस्थ, डोंगरपट्टीतील आदिवासी बांधव आणि कामानिमित्त परप्रांतांतून आलेली कुटुंबे हे सर्वजण एकाच बाकावर बसून आपल्या नावाची पाळी येण्याची वाट पाहतात.

यांतील अनेकांची मिळकत रोजंदारीची अथवा नगावर ठरलेली आहे. एका भेटीसाठी अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. साहजिकच दात जोवर झोप उडवीत नाही तोवर त्याच्याकडे लक्ष दिले जात नाही, आणि झोप पूर्ववत लागू लागली की उरलेल्या उपचारासाठी पुन्हा अर्धा दिवस मोडण्याचे कारण उरत नाही. यात रुग्णाचा हलगर्जीपणा असतोच असे नव्हे. हातातोंडाची गाठ घालणाऱ्या माणसाचा तो हिशेब असतो. तो हिशेब पुढे तोट्याचा ठरतो, हे त्यास वेळीच कोणी तरी समजावून सांगावयास हवे.

दंतरोग किती सर्वदूर आहेत याची कल्पना भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणावरून येते. त्यानुसार ३५ ते ४४ वर्षे वयोगटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींच्या दातांना कीड लागलेली आढळली होती. मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ सालापासून कार्यरत आहे आणि वसईतून लोकलने मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन तेथे उपचार घेणारी कुटुंबे आजही आहेत. परंतु उपचार मुंबईत होवोत, वसईत होवोत वा सातिवलीत, त्यानंतरची निगा घरीच राखावी लागते, आणि ती राखण्याचे काम रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे असते.

रूट कॅनल म्हणजे नेमके काय

दाताचे वरचे कवच कठीण असले तरी आत एक पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो. त्यास दंतमज्जा म्हणतात. कीड कवच भेदून या भागापर्यंत पोहोचली की तेथे सूज येते. भोवताली कठीण भिंत असल्याने सुजेला पसरावयास जागा नसते. म्हणूनच ही कळ इतकी असह्य असते. पुढे मज्जा मृत होते व जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात.

रूट कॅनल उपचारात ही खराब झालेली मज्जा काढून टाकतात, मुळातील बारीक नलिका औषधी द्रावणाने धुऊन स्वच्छ करतात आणि त्या गट्टापर्चा नावाच्या पदार्थाने घट्ट भरून बंद करतात. गट्टापर्चा म्हणजे मलाया द्वीपकल्पाच्या परिसरातील एका वृक्षाचा चीक. १८७० साली मुंबईला एडनमार्गे इंग्लंडशी जोडणारी समुद्राखालील तार टाकण्यात आली, तेव्हा त्या तारेवरील वेष्टणही याच पदार्थाचे होते. खाऱ्या पाण्यात तारेला पाणी लागू न देणारा हा पदार्थ दाताच्या मुळातही ओलावा व जंतू यांना अटकाव करतो.

हे काम कधी एका बैठकीत पूर्ण होते, तर कधी दोन-तीन बैठका लागतात. दोन बैठकांच्या मधल्या काळात दातावर तात्पुरते भरण असते. नलिका भरून झाल्यावर कायमचे भरण करतात आणि दाढ असल्यास बहुधा त्यावर कॅप बसवितात. शेवटची ही पायरीच सर्वाधिक वेळा वगळली जाते.

पहिले काही तास : भूल उतरेपर्यंत

स्थानिक भूल दिल्यानंतर ओठ, गाल व जीभ साधारणतः दोन ते चार तास बधिर राहतात; खालच्या जबड्यात हा काळ थोडा अधिकही असू शकतो. या अवधीत काही चावून खाऊ नये, कारण गाल वा जीभ दाताखाली आली तरी ते जाणवत नाही. गरम चहाही घेऊ नये. तोंड भाजल्याचे उशिरा कळते. लहान मुले बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहतात आणि सायंकाळी ओठ सुजलेला दिसतो. आईवडिलांनी हे काही तास मुलाला नजरेआड होऊ देऊ नये. तहान लागल्यास साधे वा गार पाणी लहान घोटांनी द्यावे.

वेदनाशामक गोळी सांगितली असल्यास ती भूल पूर्ण उतरण्यापूर्वी, काही मऊ व कोमट खाऊन घेणे श्रेयस्कर. कळ चढल्यानंतर घेतलेल्या गोळीपेक्षा वेळेवर घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते.

रूट कॅनलनंतर घ्यावयाची काळजी

१. उपचारानंतर दोन-चार दिवस तो दात चावताना हुळहुळतो. मुळाच्या टोकाशी असलेली सूज ओसरण्यास वेळ लागतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. दुखणे दिवसागणिक कमी होत जावयास हवे. ते वाढत गेल्यास दंतवैद्यांना दाखवावे.

२. कायमचे भरण अथवा कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चावू नये. सुपारी, भाजलेले चणे, शेंगदाणे, कडक चकली, भाकरीचा कडक पापुद्रा, उसाचे करवे हे त्या दाढेखाली येऊ देऊ नयेत.

३. तात्पुरते भरण थोडे झिजणे स्वाभाविक आहे. परंतु ते पूर्ण निघून आल्यास वेदना नसली तरी लगेच यावे. उघड्या राहिलेल्या दातात लाळेवाटे पुन्हा जंतू शिरतात व केलेले काम वाया जाते. तात्पुरते भरण काही आठवड्यांपुरतेच टिकते, हे ध्यानी ठेवावे.

४. वरचा-खालचा दात मिटताना तोच दात आधी लागत असेल, तर भरण किंचित उंच राहिले असण्याचा संभव असतो. ते घासून सारखे करणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते सोसत बसू नये.

५. ब्रश नेहमीप्रमाणे सकाळी व रात्री करावा. ब्रश मऊ असावा. दुखतो म्हणून तो दात न घासता सोडला तर हिरडीला सूज येते.

६. दाढेवर कॅप बसविण्यास विलंब करू नये.

शेवटच्या सूचनेचे थोडे विवेचन आवश्यक आहे. मुळातच किडीने पोखरलेला आणि नलिकांपर्यंत पोहोचण्यासाठी वरून कोरलेला दात आतून पोकळ झालेला असतो. त्यावर चावण्याचा संपूर्ण भार आला की तो उभा चिरतो, आणि अशी चीर मुळापर्यंत गेली की दात काढण्यावाचून इलाज राहत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनलनंतर कॅप न बसविलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसविलेल्या दातांच्या सहापट आढळले होते. समोरच्या दातांना नेहमीच कॅप लागते असे नाही; तो निर्णय दंतवैद्यांचा. दाढांच्या बाबतीत मात्र कॅप म्हणजे शोभेची वस्तू नसून घराला जसे छप्पर, तशी ती दाताला असते.

दात काढल्यानंतर अथवा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर

दात काढल्यावर हाडात जो खड्डा राहतो त्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने बांधलेली मलमपट्टी होय. तिच्याखाली हाड व मज्जातंतू झाकले जातात आणि नवे मांस भरू लागते. पहिल्या दिवसाच्या सर्व सूचनांचे प्रयोजन एकच, ते म्हणजे ही गुठळी हलू न देणे.

पहिले चोवीस तास :

१. खड्ड्यावर ठेवलेला गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाताखाली घट्ट दाबून धरावा. बोलण्यासाठी वा पाहण्यासाठी तो वारंवार काढू नये.

२. थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने अथवा स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. या तिन्ही क्रियांनी तोंडात ओढ निर्माण होते व गुठळी निसटते. लाळ गिळावी. लाळेत रक्ताची लाली दिसणे स्वाभाविक आहे. थोडेसे रक्त पुष्कळ लाळेत मिसळल्याने ते अधिक भासते.

३. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, तितकाच वेळ थांबावे व पुन्हा धरावा. गरम विटेचा वा तव्यावरच्या फडक्याचा शेक पहिल्या दिवशी देऊ नये. त्याने रक्तस्राव व सूज वाढते.

४. उशी थोडी उंच घेऊन झोपावे. वजन उचलणे, वाकून करावयाचे काम, भट्टीजवळचे काम त्या दिवशी टाळावे. पाळी बदलून घेणे शक्य असल्यास आवर्जून बदलून घ्यावी.

५. बोटाने, जिभेने अथवा काडीने जखम चाचपू नये.

दुसऱ्या दिवसापासून :

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर व झोपण्यापूर्वी गुळण्या कराव्यात. येथे गुळणी म्हणजे जोराने खळखळणे अभिप्रेत नाही. पाणी तोंडात घ्यावे, मान हळूच डावीउजवीकडे कलती करावी आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्यावे. आयुर्वेदात तोंडात औषधी द्रव धरून ठेवण्यास गंडूष म्हणतात. त्याच धर्तीची ही क्रिया आहे. क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी लिहून दिले असल्यास ते सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे. अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव काही काळ बदलते. टूथपेस्टने ब्रश केल्यानंतर अर्धा तास थांबून ते घ्यावे.

इतर दात पहिल्या रात्रीही हलक्या हाताने घासावेत. जखमेच्या लगतचे दात दुसऱ्या दिवसापासून. राखुंडी, विटकरीची पूड, खडे मीठ वा कडुलिंबाची काडी जखम भरेपर्यंत वापरू नये.

अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक दिसते आणि त्यानंतर उतरू लागते. तोंड काही दिवस पूर्ण उघडत नाही. गालावर निळसर-पिवळा डाग उमटू शकतो. हे सर्व अपेक्षित आहे. रेशमी टाके साधारण आठवड्याने काढावे लागतात, त्यासाठी दिलेली तारीख चुकवू नये. विरघळणारे टाके आपोआप पडतात. हिरडी वरून दोन-तीन आठवड्यांत मिटते. आतील हाड भरण्यास काही महिने लागतात. मधल्या काळात हाडाची बारीक कपची टोचू लागल्यास ती ओढून न काढता दंतवैद्यांना दाखवावी.

एका त्रासाची माहिती प्रत्येक कुटुंबास असावी. दात काढल्यानंतर पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशीच्या सुमारास एकाएकी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ व तोंडाला दुर्गंधी येऊ लागते. गुठळी निसटून हाड उघडे पडल्याचे हे लक्षण असून त्यास दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांत तो अधिक आढळतो. दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरल्यावर बहुतांश रुग्णांना लवकर आराम पडतो.

आहार

दंतोपचारानंतर उपाशी राहणे योग्य नव्हे. जखम भरण्यास अन्न लागते. पहिल्या दिवशी गार अथवा कोमट व चावावे न लागणारे पदार्थ घ्यावेत : ताक, दही, नाचणीची आंबील थंड करून, भाताची मऊ पेज, पातळ मुगाची खिचडी, कुस्करलेले पिकलेले केळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, दुधात भिजविलेली पोळी, अंड्याची भुर्जी, काटे काढलेला मऊ मासा चालतो. आपल्या वसईची सुकेळी कितीही प्रिय असली तरी तिचा चिकटपणा तात्पुरत्या भरणास व टाक्यांना मानवणारा नाही. ती आठवडा-दोन आठवडे बाजूस ठेवावी. सुके बोंबील, पापड, फरसाण यांचे कोपरे जखमेत रुततात. तिखट व आंबट पदार्थ जखमेला झोंबतात.

एकादशी असो, चतुर्थी असो वा रोजा, उपचाराच्या दिवशी व गोळ्या सुरू असताना उपवास करावा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावे. रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटास अपाय करतात.

तंबाखू, मशेरी आणि सुपारी

हा भाग अप्रिय असला तरी टाळता येण्याजोगा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ व्यक्ती धूर नसलेल्या स्वरूपात, म्हणजे चघळण्याच्या, लावण्याच्या वा घासण्याच्या तंबाखूचे सेवन करीत होत्या. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. सवय मात्र बंदीने सुटत नाही.

मशेरीचा उल्लेख विशेषत्वाने करावा लागतो. तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रातील अनेक घरांत, प्रामुख्याने स्त्रिया, दात घासण्यासाठी वापरतात. “मी तंबाखू खात नाही” असे प्रांजळपणे सांगणारी आजी मशेरी लावीत असते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. म्हणून नातेवाइकांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही व ती भरण्यास विलंब लागतो. चघळताना वारंवार थुंकल्याने गुठळी निसटते, आणि पुडीतील कण खड्ड्यात अडकून राहतात. शस्त्रक्रियेनंतर निदान आठवडाभर मशेरी, तंबाखू, विडी, सिगारेट, सुपारी व मद्य यांपासून कटाक्षाने दूर राहावे. आठवडाभर ज्याला राहता आले त्याला पुढेही राहता येण्याचा संभव आहे. मदत हवी असल्यास केंद्र शासनाचा १८००-११२-३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तोंडात न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा अथवा तोंड उघडण्यास अडचण दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास ती दंतवैद्यांकडून अवश्य तपासून घ्यावी.

औषधांविषयी

प्रत्येक रूट कॅनलनंतर अथवा दात काढल्यानंतर प्रतिजैविके लागतातच असे नाही. ती वेदनाशामके नव्हेत. लिहून दिली असतील तर सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले दिवस घ्यावीत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत वा पुढील दुखण्यासाठी जपून ठेवू नयेत. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. मेट्रोनिडाझोल सुरू असताना मद्य वर्ज्य आहे.

दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी ठेवणे वा लवंगेचे तेल हिरडीवर थेट चोळणे हे घरगुती उपाय हिरडी भाजून काढतात. वेदनाशामक कोणते घ्यावे हे पोटाचा व्रण, दमा, मूत्रपिंडाचा विकार वा गर्भावस्था यांवर अवलंबून असते; म्हणून दुसऱ्याच्या केसपेपरवरील गोळी आपण घेऊ नये.

विशेष काळजीचे रुग्ण

मधुमेह : उपचाराच्या दिवशी नेहमीचा नाश्ता व औषध चुकवू नये. साखर आटोक्यात नसल्यास जखम भरण्यास वेळ लागतो व जंतुसंसर्गाची भीती वाढते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या : हृदयविकार वा पक्षाघातानंतर दिलेल्या या गोळ्या दात काढण्यासाठी स्वतःहून बंद करू नयेत. त्या अचानक थांबविल्याने होणारा धोका दाताच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो.

हृदयाची कृत्रिम झडप : उपचारापूर्वी अवश्य सांगावे, काही रुग्णांना आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे अथवा जबड्यास दिलेले किरणोपचार : अशा रुग्णांचे जबड्याचे हाड भरून येण्यास कठीण जाते. ही माहिती दात काढण्यापूर्वीच द्यावी.

गर्भवती : दातांचे आवश्यक उपचार गर्भावस्थेत करता येतात. बाळंतपणापर्यंत संसर्ग अंगावर काढणे हितावह नव्हे.

केव्हा विनाविलंब यावे

खालीलपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट पाहू नये :

१. स्वच्छ गॉझ अर्धा तास घट्ट दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव.
२. तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी सूज, ताप अथवा पू.
३. डोळ्याच्या दिशेने चढणारी वा हनुवटीखाली, गळ्याकडे उतरणारी सूज.
४. गिळण्यास, बोलण्यास वा श्वास घेण्यास त्रास. जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणे.
५. भूल उतरण्याचा काळ उलटून गेल्यावरही, दुसऱ्या दिवशी, ओठ वा जीभ बधिर असणे.
६. औषध घेतल्यानंतर अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज अथवा दम लागणे.

तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाची लक्षणे जिवावर बेतू शकतात. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला, जिभेखाली व गळ्यात पसरणारा संसर्ग बहुतेक वेळा खालच्या दाढेपासूनच सुरू होतो आणि काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. अशा वेळी, किंवा औषधानंतर श्वास अडखळू लागल्यास, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी व मोठ्या रुग्णालयात न्यावे. दातानेच तर सुजले आहे, सकाळी पाहू, असे म्हणून रात्र काढू नये.

नातेवाईक व देणगीदार यांस निवेदन

उपचाराच्या खुर्चीवरून उठलेला रुग्ण थकलेला, बधिर व काहीसा घाबरलेला असतो. त्या क्षणी दिलेल्या सूचना त्याच्या ध्यानात राहतीलच असे नाही. म्हणून सूचना ऐकताना घरातील एक व्यक्ती सोबत असावी, आणि शक्यतो जी स्वयंपाक करते व रात्री जवळ असते तीच असावी. घरी एकट्या राहणाऱ्या कामगाराने खोलीतील एखाद्या सोबत्यास आणावे. सूचना मराठीत समजत नसतील तर हिंदीत सांगण्यास सांगावे. न समजता मान डोलावू नये. पुढील भेटीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर त्याच दिवशी लिहून ठेवावी.

देणगीदारांना व विश्वस्तांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. दंतविभागास नवी खुर्ची अथवा क्ष-किरण यंत्र मिळाले की त्यावर दात्याचे नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. रुग्णाच्या दुसऱ्या भेटीवर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहता, रूट कॅनलवर खर्च झालेली रक्कम, दंतवैद्यांचा वेळ आणि रुग्णाने सोडलेली मजुरी हे सर्व एका न बसविलेल्या कॅपमुळे बुडीत खात्यात जाते. नंतर तो दात काढावा लागतो, शेजारचे दात कलतात, चावणे एका बाजूवर येते आणि जी व्यक्ती कॅपचा खर्च करू शकली नाही तिच्यावर त्याहून मोठा खर्च येऊन पडतो. ज्या दात्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या देणगीचा काही अंश गरजू रुग्णांची कॅप आणि त्यांच्या पुढील भेटींचा प्रवासखर्च यांसाठी राखून ठेवावा, अशी विनंती आहे. त्या रकमेतून नवे यंत्र उभे राहणार नाही. अर्ध्यावर राहिलेले काम मात्र पूर्णत्वास जाईल.

रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना शेवटी एवढेच सांगणे आहे : ठणक थांबली त्या दिवशी केसपेपर कपाटात ठेवून देऊ नका. त्यावरील पुढची तारीख वाचा आणि त्या दिवशी अवश्य या. सर्वांचे मुखआरोग्य उत्तम राहो, ही सदिच्छा.